पाळण्यापासून खळ्यापर्यंत

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात माणसाचे शरीर ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने ते पुढे आयुष्यात पुन्हा कधीही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकांनुसार जन्मतः मुलग्याचे मध्यम वजन ३.३ किलो आणि मुलीचे ३.२ किलो असते. वर्षाअखेर ते अनुक्रमे ९.६ आणि ८.९ किलोवर, म्हणजे जवळजवळ तिपटीवर जाते. सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे बाळ वर्षाचे होईतो ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचते. दुसऱ्या वर्षी हा वेग एकदम उतरतो आणि सबंध वर्षात वजनात अडीच किलोच्या आसपासच भर पडते. पोर चालायला लागले आणि जेवेनासे झाले, अशी काळजी मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांत आजी हमखास बोलून दाखवते. बहुतेकदा त्यामागे आजार नसतो. वाढीचा वेग उतरल्यामुळे भूकही उतरते आणि बाळसे झडून अंगकाठी दिसू लागते.

ही प्रमाणके ज्या अभ्यासातून आली तो १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत झाला. भारतातली मुले दिल्लीची होती. एकूण सुमारे ८,५०० मुलांच्या नोंदी घेतल्या गेल्या. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि आरोग्याची देखभाल मिळाली तर लहान मुलांची वाढ या सगळ्या देशांत जवळजवळ सारखी होते, हे त्यातून दिसले. २००६ साली प्रसिद्ध झालेले वाढीचे तक्ते आज अंगणवाडीतही वापरले जातात. याच अभ्यासात पाच देशांतील मुलांच्या हालचालींचे टप्पेही नोंदले होते आणि आईबापांनी लक्षात ठेवावा असा भाग तो आहे. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही जमते. हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांत सुरू होते. एकट्याने उभे राहणे ६.९ ते १६.९ आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. दोन निरोगी मुलांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचे अंतर असू शकते. शेजारच्या घरातले चेडू दहाव्या महिन्यात चालले आणि आपला झील चौदाव्यातही भिंत धरून आहे, एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

पहिले सहा आठवडे बाळाचे बरेचसे वागणे प्रतिक्षिप्त असते. गालाला बोट लागले की ते तोंड वळवते, तळहातात बोट दिले की मूठ आवळते, मोठा आवाज झाला की दचकून हात पसरते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. जन्मानंतर तासाभराच्या आत पाजलेला चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. तो पिळून टाकण्याची जुनी समजूत घातक होती. डोक्याच्या पुढच्या भागातली टाळू हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित हलताना दिसते. तिला तेल लावले नाही तर ती भरत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात कवटीची हाडे वाढत जाऊन ती आपोआप, साधारण दीड वर्षापर्यंत बुजते. किनाऱ्यावरच्या घरांत बाळाला खोबरेल लावून न्हाऊ घालण्याची रीत आहे. हलक्या हाताने केले तर त्यात बाळाला सुखच आहे. मात्र नाकात-कानात तेल सोडणे, डोळ्यांत काजळ घालणे आणि कोंडलेल्या खोलीत ओव्याची धुरी देणे थांबायला हवे. तान्ह्या फुप्फुसांना धूर हा धूरच असतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणी, मध, गुटी यांपैकी काहीही लागत नाही. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

या आठवड्यांत आशाताई घरी येते. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळाला पाहते, वजन करते, अंगाचे तापमान पाहते, आईला पाजताना काही अडते का ते विचारते. देशभर २०११ पासून राबवल्या जाणाऱ्या या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तिथल्या गावांतले नवजातांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. गावातली बाई दारात येऊन बाळाकडे नीट पाहते, या साध्या गोष्टीत केवढी ताकद आहे, याचा याहून भक्कम पुरावा शोधूनही सापडणार नाही.

दीड महिन्याच्या सुमारास बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. त्याआधीचे झोपेतले हसू वेगळे. हे समोरच्याला दिलेले उत्तर असते. तीन-चार महिन्यांत मान धरते, मग कुशीवर वळते आणि एक दिवस पालथे पडते. नवजात बाळाला बगलेत धरून पाय जमिनीला टेकवले तर ते पावले टाकल्यासारखे करते आणि साधारण दोन महिन्यांनी ते थांबते. मेंदू वाढल्यामुळे ही क्रिया पुसली जाते, असे बरीच वर्षे मानले जाई. अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांनी १९८०च्या दशकात अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभे धरले, तेव्हा ती पुन्हा पावले टाकू लागली. हालचाल गेली नव्हती. चरबी चढून जड झालेले पाय उचलण्याइतके बळ अजून स्नायूंत आले नव्हते. हे बळ झोळीत किंवा पाळण्यात पडून येत नाही. बाळ जागे असताना दिवसातून काही वेळा चटईवर पालथे ठेवावे, जवळ कोणीतरी बसावे आणि झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे.

सहा महिने झाले की आईचे दूध एकटे पुरत नाही. जन्मतः अंगात साठवून आणलेले लोह तोवर संपत आलेले असते. उष्टावणाचा सोहळा कधीही होवो, घास सहाव्या महिन्याच्या अखेरीस सुरू व्हायला हवा. सिंधुदुर्गात पहिला घास बहुधा पेजेचा असतो. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, पण बाळाला तिच्यावरचे निवळ पाजण्यात फार मोठी चूक होते. त्या पाण्याने पोट भरते आणि अंगाला जवळजवळ काहीच लागत नाही. खालचा भात कुस्करून, वाटीतून ओघळणार नाही इतका दाट करून, त्यात तूप किंवा खोबरेलाचे थेंब घालून भरवावा. नाचणी तर इथल्या वरकस जमिनीतले वैभव आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते आणि इतर कोणतेही रोजचे धान्य तिच्या जवळपास येत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळली की तिच्यातले लोहही अंगी लागायला सोपे जाते.

किनाऱ्यावरच्या मुलाला आणखी एक ठेवा मिळतो, तो मासळीचा. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मुडदुशी देण्याची इथली पद्धत शहाणपणाची आहे. तिचे मांस मऊ, पांढरे आणि काट्यावरून सहज सुटणारे असते. तेच मांस, तिखट न घालता शिजवून, बोटांनी चाचपून एकही काटा राहिला नाही याची खात्री करून आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या भातात कुस्करता येते. पेडवे आणि बांगडा मेंदूच्या वाढीला लागणाऱ्या स्निग्धांशाने समृद्ध असतात, पण त्यांचे बारीक काटे निवडायला वेळ काढावा लागतो. चैत्र-वैशाखात देवगडच्या हापूसचा गर आहेच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांपुढे तीन-चारदा भरवावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालण्याची गरज नाही. बाळाच्या जिभेला भाताची गोडी पुरते.

बसता येऊ लागले की हात मोकळे होतात आणि बाळाचे जग बदलते. वस्तू उचलायची, तोंडात घालायची, आपटायची, टाकायची आणि खाली कुठे गेली ते पाहायचे, यात त्याचा दिवस जातो. नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत शीत धरता येते. यानंतर रांगणे. काही मुले आधी पोटावर सरपटतात, काही बसल्या बसल्या ढुंगणावर पुढे सरकतात. वर सांगितलेल्या अभ्यासात चार टक्क्यांहून थोडी अधिक मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही वेळेत चालली. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या एका अभ्यासात ज्या मुलांची रांगण्याची वेळ थंडीत आली ती उन्हाळ्यात रांगणाऱ्यांपेक्षा काही आठवड्यांनी मागे होती, कारण थंडीत त्यांच्या अंगावर कपडे जास्त आणि जमिनीवर वेळ कमी होता. सिंधुदुर्गात थंडीची ती अडचण नाही. इथे पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर पडवी ओली, फरशी दमट आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, चिखल, त्यामुळे बाळ माजघरातच अडकते. पाऊस सरला की खळे चोपून शेणाने सारवतात, वर माटव घालतात आणि रांगत्या मुलाला घरातली सगळ्यांत मोठी मोकळी जागा मिळते.

उंबरठा आणि खळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या मात्र जपायच्या. खोलीची जाण बाळाला लवकर येते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६०मध्ये काचेखाली खोल दिसणारी जागा करून रांगती मुले त्यावर जातात का ते पाहिले, तेव्हा बहुतेक मुले काठाशी थांबली. पण खोली दिसणे आणि तोल सावरता येणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, म्हणून दिसत असूनही मुले पायरीवरून पडतात.

आठव्या-नवव्या महिन्यात मनाच्या वाढीतला एक मोठा टप्पा येतो. नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही हे बाळाला उमगते. फडक्याखाली लपवलेला खुळखुळा ते फडके ओढून काढते आणि पदराआड तोंड लपवून केलेल्या ‘कूऽऽक’ला खदखदून हसते. याच सुमारास ते आईला सोडायला तयार नसते आणि अनोळखी चेहरा पाहून रडते. कोकणात या गोष्टीला एक हळवी बाजू आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथला बापूस मुंबईत चाकरमानी आहे. गणपतीला तो सुट्टी काढून येतो, हौसेने हात पुढे करतो आणि नऊ महिन्यांचे बाळ आवशीच्या खांद्यात तोंड खुपसून आकांत करते. बापाला ते लागते. पण या रडण्यात नाकारणे नसते. जवळची माणसे कोणती आणि दूरची कोणती हा भेद बाळाला करता येऊ लागला, याची ती खूण आहे. घाई न करता, आईच्या शेजारी बसून, बाळाला आपणहून जवळ येऊ दिले तर सुट्टी संपायच्या आत ओळख जमते. बापाने आधीपासून फोनवर रोज आवाज ऐकवला, तर आणखी उत्तम.

पहिले पाऊल बहुधा वर्षाच्या आसपास पडते. बाळ आधी खांब, बाकडे, आजीचे लुगडे धरून उभे राहते, मग धरत धरत बाजूला सरकते आणि मग एके दिवशी हात सोडते. पाय फाकलेले, हात वर, पावले सपाट अशी ती चाल असते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. मूल चालायला शिकते ते या पावलांतून आणि पडण्यातून; बोट धरून चालवल्याने फक्त आपल्याला समाधान मिळते.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळण्यांबरोबर पांगुळगाडाही मिळतो. तीन चाके आणि धरायला आडवा दांडा एवढीच त्याची रचना. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते, स्वतःचा भार स्वतः पेलते आणि गाडा ढकलते तितकेच पुढे जाते. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे बैठे वॉकर याच्या नेमके उलटे आहेत. त्यांत मूल लोंबते, पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलते आणि तोल सांभाळण्याचे काम त्याला करावेच लागत नाही. त्याने चालणे लवकर येत नाही, आणि पायऱ्यांवरून कोसळून डोक्याला मार बसण्याचे प्रकार इतके झाले की कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडाही मोठ्या माणसाच्या नजरेखाली, सपाट जागीच द्यावा. पण दोहोंत निवड करायची तर सावंतवाडीच्या कारागिराचे बरोबर आहे.

पायांच्या आधी कानांनी बरीच मजल मारलेली असते. आईचा आवाज बाळ पोटात असल्यापासून ऐकते आणि जन्मतः ओळखते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये एक सुरेख गोष्ट दाखवली. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येत होता, पण वर्षाची होईतो त्यांतल्या बहुतेकांचा तो कान गेला, कारण भोवती तो फरक कोणी बोलत नव्हते. मालवणी घरातल्या बाळाच्या कानावर त-ट, न-ण, ल-ळ रोज पडतात, म्हणून ते भेद त्याच्यापाशी टिकतात. बोलण्याच्या कितीतरी आधी त्याला समजू लागते. ‘आवस खंय?’ विचारले की ते आईकडे पाहते. वर्षाच्या सुमारास बोट दाखवते, आणि दाखवून झाल्यावर आपण तिकडे पाहिले का ते आपल्या चेहऱ्यावर तपासते. मग काऊ, माऊ, भूभू, मम्मम, भुर्र हे शब्द येतात. दीड ते दोन वर्षांत शब्द पन्नासाच्या पुढे जातात आणि ‘बाबा भुर्र’सारखी दोन शब्दांची वाक्ये सुरू होतात. घरात मालवणी आणि टीव्हीवर, शेजारी, पुढे शाळेत प्रमाण मराठी, याने मुलाचा गोंधळ होतो ही भीती निराधार आहे. मुले दोन बोली सहज पेलतात. शाळेत मागे पडेल म्हणून मुलाशी मालवणी न बोलणाऱ्या आईबापांनी त्याच्याकडून एक संपत्ती काढून घेतलेली असते.

दीड वर्षाच्या पुढे मूल आरशातल्या स्वतःला ओळखते आणि ‘नको’ हा शब्द त्याला फार आवडू लागतो. चमचा स्वतः धरायचा असतो, चप्पल स्वतः घालायची असते, जमले नाही की जमिनीवर लोळण घ्यायची असते. याला हट्टीपणा म्हणून मारणे चुकीचे आहे. इच्छा वाढलेली असते आणि शब्द व हात अजून मागे असतात.

चालते मूल या किनाऱ्यावर ज्या धोक्यांत शिरते ते स्पष्ट सांगायला हवेत. पहिला पाण्याचा. बुडून मरण्याचे प्रमाण जगभर एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त आहे, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. परसातली बिनकठड्याची बाव, न्हाणीतली भरलेली बादली, माडाच्या आळ्यात साचलेले पाणी पुरेसे असते. मूल ओरडत नाही. मिनिटाभरात, आवाज न करता बुडते. दुसरा धोका श्वास अडकण्याचा. अख्खे काजूगर, शेंगदाणे, फणसाच्या आठळ्या लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून बिया सुकवण्याची जागाही वेगळी असावी.

वाढीवर नजर ठेवण्यासाठी घराबाहेर अंगणवाडी आहे. झाडाखाली, अंगणात गरीब मुलांचे शिक्षण करण्याची कल्पना ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला रुजवली आणि अनुताई वाघ यांनी ती पुढे नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. तिथे दर महिन्याला वजन होते. एका महिन्याचा आकडा फारसे सांगत नाही. तक्त्यावरची रेघ वर चालली आहे की आडवी झाली आहे, हे पाहायचे असते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाची लस द्यावी लागते. मूल चालते-फिरते झाले की दुसरा डोस विसरला जातो आणि नेमका तोच चुकवून चालत नाही.

टप्प्यांच्या वेळा सैल असल्या तरी काही मर्यादा पक्क्या आहेत. चार महिने होऊन मान धरली नाही, दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसले नाही, वर्षाचे होऊन नावाला वळून पाहत नाही की बोट दाखवत नाही, दीड वर्षापर्यंत चालले नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले नाहीत, तर ‘याचा बापूसही उशिराच बोलला होता’ म्हणून वाट पाहू नये. येत असलेली गोष्ट मूल करेनासे झाले, शब्द गेले, नजर देणे थांबले, तर एक आठवडाही घालवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याखाली अंगणवाडीत येणाऱ्या पथकाची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. शंका आली की अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला त्याच दिवशी सांगावे.